बघणारे चाळीस

अंध मुलींच्या वसतिगृहासाठी कंपन्यांची मदत मिळवायला आम्हा चौघांना कुमुदताई सबनीस शिकवायच्या. त्यांचा एकच हट्ट असे. आपल्याकडे काय नाही ते रडत सांगू नका, समोरच्याकडे काय नाही ते शोधा.

त्या जूनमध्ये अठरा पूर्ण झालेल्या बारा मुलींना वसतिगृह सोडायचं होतं, आणि काम द्यायला कुणी तयार नव्हतं. बेअरिंगच्या कारखान्याचे मालक पाटणकर यांनी आम्हाला पाच मिनिटं दिली.

"रोज कुणीतरी हात पसरून येतं," ते गरजले. "माझ्याकडे नाही असं तुमच्याकडे काय आहे ते दाखवा."

आम्ही तिघांनी ताईंकडे पाहिलं. आमच्यातली तेजल गावित, जन्मापासून अंध, म्हणाली, "तपासून झालेली पाच बेअरिंगं द्या."

तिनं एकेक कानाशी धरून फिरवलं आणि चौथं बाजूला ठेवलं. "यात कचरा आहे."

"शक्यच नाही. चाळीस माणसं तपासतात."

"चाळीस जण बघतात, साहेब. ऐकत कुणीच नाही."

बेअरिंग उघडलं. आत मोहरीहून बारीक लोखंडाची कणी होती.

पाटणकरांनी हळूच ड्रॉवर ओढला.

"चेक नको, साहेब," तेजल लगेच म्हणाली. "बारा जणींना काम द्या. आणि एक शांत खोली."

पाटणकरांचे ओठ नुसते हलले. ते "देतो" म्हणाले, हे बाहेर आल्यावर आम्हाला तेजलनंच सांगितलं.