थाळीच्या भावाचा चहा

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका गावात, समोरच्या समुद्रात पवनचक्क्या रात्रंदिवस गरगरत होत्या, तरी विजेची बिलं चढतच होती. लोक भडकले, तेव्हा खुद्द ऊर्जामंत्री समजूत घालायला आले. सभा भरली मालवणहून तिथे जाऊन स्थिरावलेल्या वत्सलाबाई खोपकरांच्या खानावळीत.

"वारा फुकटचा, मग वीज महाग का?" वत्सलाबाईंनीच विचारलं.

मंत्र्यांनी छाती फुगवली. "थोडी वीज महागड्या गॅसवर बनते. सगळ्यात महाग विजेचा जो भाव, तोच सगळ्या विजेला. बाजाराचा नियम आहे हा बाई, तुम्हाला नाही कळायचा!"

मग त्यांनी खुशीत चहा मागवला, चवीने प्यायला आणि बिल पाहून ताडकन उठले. "एका चहाचे वीस पौंड?"

"चहा स्वस्तच आहे, साहेब. पण त्या कोपऱ्यात एकाने खेकड्याची थाळी घेतली ना! सगळ्यात महाग पदार्थाचा भाव, तोच सगळ्यांना."

खानावळीत खसखस पिकली.

"अहो, मी थाळीला हातसुद्धा लावला नाही! हा कुठला न्याय?"

"तुमचाच, साहेब," वत्सलाबाई म्हणाल्या. "मी फक्त कपात ओतून दिला."