गरम भाकरीचा दिवस

डोंगराच्या कुशीत, जिथे सकाळ आधी पाखरांना सापडते आणि मग माणसांना, तिथे सगुणी नावाची एक इवलीशी मुलगी राहायची. घर एवढंसं, आणि त्यातलंही एक माणूस आता कमी झालेलं. तिची मोठीआई, म्हणजे बाबांची आई, पावसाळ्यात देवाघरी गेली होती. चूल तीच, तवा तोच, पण घर कसं मुकंमुकं झालं होतं. आईबाबा मजुरीला जायचे आणि सगुणी रानात डिंक गोळा करायची. एकटीच हिंडताना तिला मोठीआईची फार फार आठवण यायची.

एके दिवशी धावड्याच्या खोडावर तिला डिंकाचा टपोरा सोनेरी थेंब दिसला. त्यात काहीतरी फडफडत होतं. फुलपाखरू? छे! ती होती बोटाएवढी परी! गुलाबी झगा, मोतिया केस, आणि चिमुकला चंदेरी पंख डिंकात पक्का चिकटलेला.

"ओढू नकोस गं, फाटेल!" परी कळवळली.

सगुणीजवळ तांब्याभर पाणी होतं, तेवढंच दिवसभर पुरवायचं होतं. ऊन तर मी म्हणत होतं. पण पोरीने मागचापुढचा विचार केला नाही. थेंब थेंब सोडून तिने डिंक विरघळवला. तांब्या रिकामा झाला, तेव्हा कुठे पंख सुटला. परीने तो झटकला मात्र, निळ्याजांभळ्या चांदण्या गवतावर सांडल्या.

"माग बाळा, काय हवं ते माग."

"मोठीआई!" सगुणी एका दमात म्हणाली.

परीचा चेहरा उतरला. "गेलेलं माणूस मला आणता येत नाही गं. पण तिचा एक दिवस तुला देता येईल. नियम मात्र आहेत हं. ती तुला ओळखणार नाही. आणि तिथे तू एकच गोष्ट करायचीस. एकदा हाक मार, नाहीतर मिठी मार, नाहीतर एखादं काम कर. दुसरी काही केलीस, की दिवस विरून जाईल."

परीने इवलीशी पिशवी उघडली. आत मणीच मणी! हळदी, पोपटी, शेंदरी, मोरपंखी. प्रत्येक मणी म्हणजे मोठीआईचा एक दिवस.

"यातला कोणता देऊ?"

सगुणीने डोकं खाजवलं. जत्रेचा? दिवाळीचा? मग तिचे डोळे चमकले. "मोठीआईने तव्यावरची गरम भाकरी खाल्ली, तो दे. त्या दिवशी ती केवढी खुशीत असेल!"

परी शोधू लागली. हळदी मण्यात मोठीआई नवी नवरी होती. गरम भाकरी सासऱ्यांच्या पानात गेली. पोपटी मण्यात बाबा रांगत होते. भाकरी कुस्करून त्यांना भरवली. शेंदरी मण्यात ओढ्याला पूर आला होता, घरात शेजारचे अकरा जण जेवत होते. मोरपंखी मण्यात तर खुद्द सगुणीच तूप लावून भाकरी मटकावत होती. मोठीआई सगळ्यांत शेवटी बसायची, उरलासुरला गार तुकडा घेऊन. सगळे मणी पाहून झाले.

"असा दिवसच नाही गं," परी हळूच म्हणाली.

सगुणीला रडूच कोसळलं. कधी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं! तिने नाक पुसलं. "मग कुठलाही दे."

डोळे मिटून उघडते तो काय, समोर धगधगती चूल आणि चुलीपुढे मोठीआई! तोच हिरवा पदर, तेच कपाळावरचं गोंदण. सगुणीचे हात आपोआप पुढे झाले. फक्त एक मिठी! एकच! तिने ओठ घट्ट दाबले, हात मागे घेतले आणि परात पुढे ओढली.

"अगं अगं, कुणाची तू? भाजशील ना!"

सगुणी बोलली नाही. तिने पीठ मळलं, भाकरी थापली. भाकरी कसली, कुठल्या तरी देशाचा नकाशाच झाला तो! पण तव्यावर पडली, पाणी फिरलं, निखाऱ्याशी लागताच टम्म फुगली. सगुणीने ती मोठीआईपुढे धरली.

"मला? आधी तू खा गं, पोरी. भुकेली दिसतेस."

सगुणीने जोरजोरात मान हलवली. मोठीआई थांबली, जरा संकोचली. मग तिने तुकडा मोडला. वाफ निघाली. तिने तो तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"गरम भाकरी अशी लागते होय!"

तिने अख्खी भाकरी संपवली. मग समोर कोपऱ्यात अंग चोरून उभी असलेली, डोळ्यांतून घळाघळा पाणी गाळणारी ती परकी पोर तिला दिसली. मोठीआई उठली आणि तिने पोरीला पोटाशी धरलं. आता नियम होता सगुणीला. मोठीआईला कुठे होता?

"कुणाची का असेनास, गुणाची आहेस गं," ती पुटपुटली.

सगळीकडे सोनेरी उजेड भरला. उजेडात परी लखलखली, हसली आणि विरून गेली. धावड्याखाली सगुणी एकटीच उभी होती, आणि डिंक गोळा करायची तिची टोपली काठोकाठ भरली होती.

संध्याकाळी कामावरून आलेली आई चुलीपुढे बसायला निघाली, तर सगुणीने तिचा हात धरून तिला पाटावर बसवलं.

"काय झालं गं?"

"काही नाही. मी थापते. तू गरम गरम खा."