राजाची सांजेची हाक

हौसा आठ वर्षांची झाली, तोवर तिची तीन घरं फिरून झाली होती. आईबाप गेले तेव्हा काकानं नेलं. काकाच्या घरी माणसं वाढली, तेव्हा आत्यानं नेलं. आत्याचं घर पुरेना, तेव्हा ती मावशीकडे आली. मावशी खाडीकाठच्या फुलबागेत एका इवल्या खोपटात राहायची आणि गजरे करायची. ती मायाळू होती, पण हौसाला आता कशाचीच खात्री वाटत नव्हती. एक परकर, एक फणी आणि आईची जुनी चोळी असं तिचं गाठोडं होतं. ते तिनं अजून सोडलंच नव्हतं. रात्री ती तेच उशाशी घेऊन झोपायची. दिवसा तिचे पाय एका जागी ठरत नसत.

"अगं, पायाला भिंगरी लावलीय का?" मावशी म्हणायची. "बस की जरा टेकून!"

हौसा टेकायची, पण टाचा उचललेल्याच असायच्या.

बाग मात्र फार सुंदर होती. पिवळी शेवंती, लालचुटूक जास्वंद, दवाचे थेंब मिरवणारी मोगऱ्याची टपोरी फुलं. आणि अगदी मधोमध एक जुनी बकुळ. पहाटे तिची फुलं टपटप खाली पडायची, जणू कुणी आभाळातल्या चिमुकल्या चांदण्या झटकल्या. फुलं वेचायला गावातल्या मुली यायच्या आणि घाईघाईनं फांद्या हलवायच्या. हौसाचे पाय चुळबुळायचे, पण झाडाला तिनं कधी हात लावला नाही. मावशीनं सांगितलं होतं, "बकुळ देते तेवढंच घ्यावं. ओरबाडू नये."

एके दिवशी बागेचे मालक अण्णा एक भलामोठा पिंजरा घेऊन आले. आत एक पोपट होता. पण केवढा! कोंबड्याहून मोठा. पाठ आभाळासारखी निळी, पोट हळदीसारखं पिवळं, शेपूट हातभर लांब. कधीकाळी तो एका गलबतावरून आला होता म्हणे. छातीवरची पिसं मात्र त्यानं स्वतःच उपटून टाकली होती. तिथं नुसती गुलाबी कातडी दिसत होती.

"तीन घरं फिरून आलाय," अण्णा म्हणाले. "राजा नाव याचं. खातो राजासारखा, चावतो वाघासारखा. आणि दिवस मावळला की असा ओरडतो, की कानाचे पडदे फाटावेत! मला नको बाबा. जत्रेतला खेळवाला मागतोय त्याला. पायात साखळी घालून फिरवील."

तीन घरं! हौसा पिंजऱ्याजवळ सरकली.

"मी सांभाळते," ती म्हणाली.

"अगं बाई!" मावशी म्हणाली. "आपल्या दोघींचंच कसंबसं भागतंय."

"माझ्यातलं देईन त्याला."

अण्णांनी मिशीवरून बोट फिरवलं. "जत्रेला आठ दिवस आहेत. तोवर याचं ओरडणं थांबलं तर तुझा. नाही थांबलं, तर खेळवाला घेऊन जाईल. मग रडायचं नाही."

त्या संध्याकाळी सूर्य खाडीत बुडाला आणि राजा ओरडला. मोगरा थरथरला, मावशीच्या हातची सुई पडली. राजा पिंजऱ्यात इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत होता. हौसानं पेरूची फोड पुढे केली, तर त्यानं बोटालाच चावा घेतला. रक्ताचा लाल मणी आला. हौसानं बोट तोंडात घातलं आणि तीही अंगणात इकडून तिकडे फिरू लागली.

"आता दोन झाले!" मावशीनं कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी पहाटे हौसा बकुळीखाली गेली. फूल उचलताना ती नेहमी त्यावर हळूच फुंकर घालायची. "मुंगीताई, उतरा बरं."

"मी मुंगी नाहीये!" फुलातून आवाज आला.

फुलात करंगळीच्या पेराएवढी एक परी बसली होती. दवाचा परकर, केशराची वेणी, माशीच्या पंखांसारखे लखलखते पंख.

"रोज फुंकर घालतेस, म्हणून आमच्या मुंग्या तुझं फार कौतुक करतात," परी म्हणाली. "चल, तुझ्या तीन इच्छा पुऱ्या करते. पण नियम ऐक हं. फांदी हलवायची नाही. तळहात पसरून अगदी स्वस्थ बसायचं. फूल आपणहून हातात पडलं, की मागायचं. आणि कुणाचं मन बदलायचं मागणं चालत नाही. मनाला बाहेरून हात लावता येत नाही."

हौसा लगेच बसली. पण फूल सुटलं तेव्हा तिची टाच हलली, हात डगमगला आणि फूल मातीत पडलं. दुसऱ्या पहाटेही तसंच झालं. तिसऱ्या पहाटेही. वर फुलं चमचम करत लोंबत होती, खाली हौसाचे पाय नाचत होते. दर संध्याकाळी राजा ओरडत होता. त्याचं काय बिनसलंय ते कुणाला कळत नव्हतं.

दुपारी हौसा पिंजऱ्याकडे पाठ करून गजरे करायची. पिंजऱ्याचं दार ती उघडंच ठेवायची. मग राजा गुपचूप खाली उतरायचा आणि मागून चोचीनं गजऱ्याची गाठ सोडायचा. सगळी फुलं भराभर सांडायची.

"गाठसोड्या!" हौसा ओरडायची. राजा मान वाकडी करून बघायचा. पण तिनं हात पुढे केला, की पटकन पिंजऱ्यात.

"हौसाऽ! ए हौसाऽ!" मावशी जेवायला हाक मारायची. राजा तेही मान वाकडी करून ऐकायचा.

चौथ्या पहाटे एक फूल हातात पडलं. हौसा घाईनं बोलून गेली, "मी राजाला आवडू दे!"

परीनं हळूच मान हलवली. फूल विझून काळं पडलं. एक इच्छा वाया गेली.

पाचव्या पहाटे हौसा बराच वेळ बसली. फूल पडलं. यावेळी ती विचार करून बोलली. "तो का ओरडतो, ते मला कळू दे."

"एका संध्याकाळपुरतं," परी म्हणाली. "फूल कानामागे खोव."

सांज झाली. राजा ओरडला आणि त्याच्या गोल पिवळ्या डोळ्यात हौसाला खाडी दिसली. दाट धुकं. एक छोटी होडी. होडीत एक म्हातारा नावाडी, डोळ्यांत मोतीबिंदू. त्याला काठ दिसत नव्हता. काठावरच्या खांबावर बसून राजा ओरडत होता आणि त्या आवाजाच्या रोखानं होडी वळत होती. "आलो रे राजा, आलो!" म्हातारा हसून ओरडला. काठाला लागल्यावर त्यानं वल्हं दगडावर तीनदा आपटलं. टक, टक, टक. राजा गप्प झाला.

मग एका दिवशी म्हाताऱ्याचे डोळे पुरते गेले. लेक त्याला दूर, डोंगरांपलीकडे, घाटावर घेऊन गेली. राजा दुसऱ्या घरी गेला. त्या संध्याकाळी होडी आली नाही. त्यानंतर कधीच आली नाही.

"मावशे!" हौसा धावत सुटली. "अगं, तो खोडी नाही काढत! तो वाट दाखवतोय! त्याला वाटतंय, म्हातारबाबा अजून पाण्यातच आहेत!"

मावशीनं डोळ्यांना पदर लावला.

सहाव्या संध्याकाळी हौसा विहिरीजवळ लपली. राजा ओरडताच आवाज जाड करून म्हणाली, "आलो रे राजा, आलो!" आणि काठी दगडावर तीनदा आपटली. राजा एकदम थांबला. मान उंच करून बघू लागला. विहिरीमागून हौसा आली. फक्त हौसा. तो पहिल्यापेक्षा मोठ्यानं ओरडला आणि छातीवरचं एक पीस उपटून खाली टाकलं.

हौसाला फार वाईट वाटलं. आपण त्याला फसवायला गेलो.

सातवी पहाट मोकळी गेली. रात्रभर झोप नव्हती, त्यामुळे टाच काही ठरली नाही.

आठव्या पहाटे, जत्रेच्या दिवशी, तिसरं फूल तिच्या तळहातावर पडलं. त्या पहाटे तिचे पाय हलले नव्हते. ते तिच्या लक्षातही आलं नाही, कारण ती दुसऱ्याच कुणाचा विचार करत होती.

"म्हातारबाबांचा आवाज तुझ्या गळ्यात घालू का?" परीनं विचारलं. "त्यानं कुणाचं मन बदलत नाही. राजा गप्प होईल. तुझाच राहील."

हौसानं तळहातावरच्या फुलाकडे पाहिलं. राजा राहिला तर किती छान! पण मग तो रोज वाट बघणार, आणि रोज त्याला खोटंच मिळणार. शिवाय तिकडे घाटावर अंधारात बसलेले म्हातारबाबा? सांज झाली की तेही कान देत असतील. माझा राजा कुठं असेल, जिवंत तरी असेल का?

"नको," ती म्हणाली. "आज राजाची हाक म्हातारबाबांना ऐकू जाऊ दे. तेवढंच."

"आणि तुला?"

"मला काय…" हौसानं डोळे पुसले. "मला सवय आहे."

फूल विझलं. आता काहीच उरलं नव्हतं.

संध्याकाळी खेळवाला आला. हातात साखळी खुळखुळत होती. हौसाला ते बघवेना. ती पार विहिरीपलीकडे जाऊन उभी राहिली आणि कानांवर हात ठेवले.

सूर्य बुडाला. राजा ओरडला.

तेवढ्यात बकुळ उजळली. पानापानावर सोनेरी ठिणग्या नाचल्या. आणि डोंगरांपलीकडून, वाऱ्यावर बसून, एक थकलेला, हसरा आवाज आला. "पोचलो रे राजा! काठाला लागलो! आता निजून राहा!"

टक, टक, टक.

राजा गप्प झाला. सगळी बाग गप्प झाली. राजानं अंगावरची सगळी पिसं फुलवली, झाडली आणि पुन्हा चापून बसवली. डोक्यावरचं मोठं ओझं उतरवावं तसं. मग तो इकडे बघू लागला, तिकडे बघू लागला. अंगणात मावशी होती, अण्णा होते, खेळवाला होता. कुणीतरी कमी होतं.

राजानं चोच उघडली.

"हौसाऽ! ए हौसाऽ!"

अगदी मावशीसारखं.

विहिरीपलीकडे हौसाचे हात कानांवरून गळून पडले. दिवेलागणीला कुणी तिची अशी वाट बघतंय! ती धावत सुटली. शेवंतीतून, मोगऱ्यातून, परकर सावरत. "आले रे राजा, आले!" तिनं आपल्याच आवाजात ओ दिली आणि अंगणातली काठी उचलून उंबऱ्याच्या दगडावर आपटली. टक, टक, टक.

राजा पिंजऱ्याबाहेर आला. एक पाऊल. दुसरं पाऊल. मग जड जड, उबदार पंजा तिच्या मनगटावर ठेवून दंडापर्यंत चढला आणि तिच्या केसांत चोच खुपसून बसला.

"बघा, ओरडलाच की!" खेळवाला म्हणाला.

"ओरडला नाही," अण्णा घसा खाकरून म्हणाले. "त्यानं घरच्या माणसाला हाक मारली. तू जा बाबा."

बकुळीच्या शेंड्यावर परी हसत उभी होती. "मनाला बाहेरून हात लावता येत नाही," ती म्हणाली, "पण ते आपणहून पडतं हं, फुलासारखं." तिनं इवला हात हलवला. झाडभर लख्ख उजेड पसरला, उजेडाची चांदी झाली, चांदीची फुलं झाली, आणि परी दिसेनाशी झाली. तेव्हापासून त्या बकुळीला बारा महिने बहर असतो. मावशीची टोपली कधी रिकामी राहत नाही. राजाच्या छातीवर पुन्हा पिवळी पिसं आली आहेत.

त्याच रात्री राजा हौसाच्या उशाशी आला. गाठोड्याकडे त्यानं मान वाकडी करून पाहिलं. मग चोचीनं गाठ पकडली आणि सोडली.

"गाठसोड्या!" हौसा झोपेत पुटपुटली.

सकाळी तिनं परकर दोरीवर टाकला, फणी कोनाड्यात ठेवली, आईची चोळी मावशीच्या लुगड्यावर घडी करून ठेवली. गाठोड्याचं फडकं राजाच्या दांडीला गुंडाळलं, पंजे गारठू नयेत म्हणून.

अजूनही सांजेला त्या बागेजवळून गेलात, तर दोन आवाज ऐकू येतील. एक हाक, आणि लगेच मागोमाग तिची ओ.