जर्दाळूची पेटी

"पण माई, बाप असून मी तिला घरी आणायचं नाही?"

यादवराव बोरस्ते सकाळपासून तिसऱ्यांदा विचारत होते. माई जर्दाळूच्या बिया लाकडी पेटीतल्या मातीत खोचत राहिल्या.

यादवराव निफाडचे. तीस वर्षं पॉलीहाऊसच्या बंदिस्त उबेत रोपं वाढवलेला माणूस. आपलं एक रोप कधी गारठ्यानं गेलं नाही, हे कुणी न विचारताच सांगायचे. लेकीलाही त्यांनी तसंच वाढवलं. तीच वृषाली आता गडचिरोलीतल्या एका खेड्यात नर्स होती. गेल्या आठवड्यात फोनवर खूप रडली, आणि रडता रडताच बजावलं, न्यायला आलात तर पुन्हा बोलणार नाही.

तिला आणायला गाडी ठरवून झाली होती. हिमालयातल्या या कुटीत ते आले होते फक्त गुरूचा, माईंचा होकार घ्यायला.

माईंनी पेटी अंगणात उघड्यावर ठेवली. दुपारी बर्फ भुरभुरू लागला.

यादवरावांना राहवेना. माई सरपण आणायला गेल्या तशी त्यांनी पेटी आत आणली, स्वतःच्या घोंगडीत गुंडाळली आणि चुलीशेजारी ठेवली.

माई परतल्या. रागावल्या नाहीत. घोंगडी सोडवून यादवरावांच्या खांद्यावर घातली आणि पेटी पुन्हा बाहेर नेऊन ठेवली.

"माई, मरतील त्या."

"चुलीपाशी कुजतील. हिवाळा अंगावर घेतल्याशिवाय या उगवत नाहीत."

"आमच्याकडे असं नसतं."

"तुमच्याकडे पॉलीहाऊस असतं."

यादवराव उठून दारात जाऊन उभे राहिले.

तिथून पेटीकडे बघत ते म्हणाले, "म्हणजे मी जायचंच नाही. रडू दे तिला तिकडे."

आवाज फुटला होता. तीस वर्षांत एक रोप न गमावलेल्या माणसाचा.

माई उठल्या. अंगणात जाऊन पेटीला टेकून बसल्या. त्यांच्या पिकल्या केसांवर बर्फ साचू लागला.

यादवराव घोंगडी घेऊन धावले. या वयात हे काय, म्हणून कुरकुरले. थंडी बियांना हवी, तुम्ही कशाला गारठताय?

माईंनी घोंगडीचं टोक ओढून त्यांना शेजारी बसवलं. अर्धी घोंगडी त्यांच्यावर, अर्धी स्वतःवर. पेटी तशीच उघडी...

"थंडी हवी म्हटलं, यादवा. एकटं पडायला हवं, असं कुठं म्हटलं?"