इंगवल्यांची शिट्टी

"तीन-तीनदा सांगूनही माणसांना कळत कसं नाही, बुवा?"

इंगवल्यांनी जोडे काढायच्या आधीच विचारलं. फौंड्रीचे नवे मॅनेजर. बसा म्हटलं तरी बसेनात. मठाच्या अंगणात चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे.

धोंडीबुवा मोठ्या हंड्याच्या कड्यांतून बांबू ओवत होते. भगवी वस्त्रं घेण्याआधी त्यांनी त्याच फौंड्रीत वीस वर्षं घाम गाळला होता. म्हणून तर साहेब टेकडी चढून आले होते.

"झालं काय?"

"दौलूचा पाय भाजला."

बुवांचा हात क्षणभर थांबला.

तापल्या लोखंडाच्या रसाचं भांडं तिथं दोघं मिळून वाहतात. पुढच्यानं विचारायचं, 'उचलू का?' मागच्यानं म्हणायचं, 'उचल.' ठेवतानाही तसंच. जुनी रीत. इंगवल्यांना ती नुसती बोंबाबोंब वाटली. त्यांनी ती बंद केली आणि गळ्यात शिट्टी अडकवली. एकदा वाजली की उचलायचं, दोनदा वाजली की ठेवायचं. फलकावर लावलं, मोबाइलवर पाठवलं, वर तोंडानंही बजावलं. सांगण्यात म्हणून काही कसर ठेवली नाही.

"आता सगळे अडून बसलेत. उद्या आठ वाजता मी काय बोलतो ते ऐकणार. पटलं नाही तर भांड्याला हात लावणार नाहीत. काय बोलू, तेवढं सांगा."

"सांगतो की. आधी एवढं पाणी आणू या. तुम्ही पुढं व्हा."

विहिरीवर हंडा भरला. इंगवल्यांनी बांबू खांद्यावर घेतला, सवयीनं शिट्टी फुंकली आणि उठले. बुवा मागं अजून छाटी सावरत होते. हंडा घसरला तो थेट त्यांच्या अंगावर. सगळं पाणी बुवांच्या पायांवर.

"अहो, शिट्टी ऐकली नाहीत का?"

"ऐकली की."

बुवांनी हंडा पुन्हा भरला. इंगवले पुन्हा बांबूखाली बसले. शिट्टी ओठांपर्यंत गेली... आणि खाली आली.

"उचलू का?" ते पुटपुटले.

मागून काही नाही.

"उचलू का, बुवा?"

...

खिशात फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. एका शब्दाला एवढा वेळ? मान वळवावी तर खांद्यावर बांबू. मागचा माणूस दिसतच नव्हता. साहेबांच्या पायांना नुसत्या मुंग्या येत होत्या. असं गप्प राहायची त्यांना सवयच नव्हती.

...

"मागच्या बाजूला दौलूनं हात वर केला होता," ते एकदम म्हणाले. "थांबा म्हणत होता. मला दिसलं होतं, बुवा... मी पुन्हा शिट्टी वाजवली."

बरंच झालं की बुवांना त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

थोड्या वेळानं मागून शब्द आला.

"उचल."

दोघं उठले. हंडा डचमळत, थोडं सांडत, अंगणापर्यंत आला. पोचता पोचताच इंगवल्यांना राहवेना.

"मग उद्या मी त्यांना काय बोलू?"

बुवांचे ओले पाय थांबले. पुढच्यानं विचारायचं ते त्यांनीच मागून विचारलं.

"ठेवू का?"