बिळाच्या तोंडाशी

महानगर खाडीपर्यंत पोहोचायचं होतं, तेव्हाची गोष्ट. खाडीच्या चिखलात खेकड्यांची वस्ती होती. ओहोटी लागली की त्यांची सभा भरे. रीत अशी, की ज्याने त्याने आपल्या बिळाच्या तोंडाशी बसूनच बोलायचं. ज्याला बीळ नाही, त्याला बोलायचा हक्क नाही.

एकदा ऐन सभेत पलीकडच्या काठावरची शेवंती खेकडी धापा टाकत आली. तिची एक नांगी तुटली होती.

"अहो, यंत्रं भराव टाकताहेत! आमचा अख्खा काठ गाडला. आता इकडेच येताहेत, पळा!"

सगळे गारठले. पायाखालचा चिखल थरथरत होता, हे प्रत्येकाला जाणवत होतं.

"बाई, तुझं बीळ कुठाय?" म्होरक्या डेंगोजीने विचारलं.

"तेच सांगतेय ना, बुजलं!"

"मग तुला बोलता येणार नाही." तो सभेकडे वळला. "पलीकडच्या काठावरच्या कुणाची तक्रार आहे?"

त्या काठावरचं एकही बीळ उरलं नव्हतं. कोण बोलणार?

"नाही ना? मग सभा संपली."

शेवंती एकटीच पळाली.

पुढच्या ओहोटीला उरलेसुरले खेकडे भरावाच्या कडेला गोळा झाले. डेंगोजीने बोलायला तोंड उघडलं, सवयीने मागे वळून आपलं बीळ शोधलं, तिथे नुसता भराव होता, आणि त्याने मुकाट्याने तोंड मिटलं.