लहान नांगी

आमच्या खाडीकाठच्या कॉलेजातल्या शलाका तांडेलने चिखलात बसून खेकड्यांवर संशोधन केलं, आणि पुस्तक छापलं बोंद्रे सरांनी, स्वतःच्या एकट्याच्या नावाने. सत्काराला टाळ्या वाजवायला आम्हा गावकऱ्यांना बोलावलं होतं. चहा होता, म्हणून मी गेलो.

शाल सावरत सरांनी सगळ्यांदेखत तिला डिवचलं, "काय गं, नाव नाही, मान नाही, तरी रोज चिखलात कशाला जातेस?"

शलाका म्हणाली, "सर, या चिखलातला नर खेकडा मोठी नांगी नुसती मिरवतो, पोट मात्र लहान नांगीच भरते. एवढं तुमच्या पुस्तकात आलंय. आता लहान नांगी तुटली तर तो काय खातो, ते बघायचं राहिलंय."

पहिली टाळी माझी.

सरांनी तिच्याकडून प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. दुसऱ्या दिवशी ओहोटीला शलाका चिखलातच होती. खाडीला काही कुलूप लागत नाही.